माझ्या हातून बंद पडायचं नाही

सोमवार, २९ ऑगस्ट २००५

नाशिकला पोचले. नामपूरहून पहाटेची गाडी, सटाण्याला बदलली, अकराच्या सुमारास सीबीएसच्या स्टँडवर उतरले. दोन पिशव्या, एक वळकटी आणि संध्याने दिलेली ही वही. संध्या माझी मुलगी, सटाण्याला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, माय, तू पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीस, आता जरा लिहून बघ, आम्हालाही काही वाचायला मिळेल. सटाण्याच्या स्टँडवर नेहमीसारखी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. आण माय, मी धरते. लहानपणापासून तिचं हेच. पाण्याची कळशी असो, दळणाचा डबा असो, माझा हात भरलेला दिसला की, आण माय, मी धरते. वळण माझंच आहे, तिला काय बोलणार.

घर गंगापूर रोडच्या आत, कॉलनीच्या शेवटच्या गल्लीत. बैठा बंगला, पुढे लोखंडी फाटक, फाटकाशी पेरूचं झाड. बघताक्षणी आवडलं. ओटा माझ्या उंचीचा. बैठकीत काचेचं कपाट भरून पुस्तकं. चार वर्षं भावाच्या घरी धान्याच्या कोठीशेजारी झोपले, आता सगळं घर माझ्या एकटीचं. उन्हाळ्यात शिक्षण संपलं की संध्यालाही इथे आणायचं, तेही मालकांना विचारून घेतलं. ते लगेच हो म्हणाले.

मालक विश्वेश साहेब पुण्याला ऑफिसात असतात. गाडी घेऊन आले होते, पण फाटकाच्या आत काही आले नाहीत. किल्लीसुद्धा माझ्या हातात न देता भिंतीवर ठेवली. घराणं रामकुंडावर यजमानांची कामं करणारं, म्हटलं सोवळंओवळं असेल.

काम असं. त्यांचे वडील बाळाजी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात होते. गाण्याचा नाद होता. त्यांनी स्वतः जोडलेलं मशीन बैठकीत आहे. मधे मोठा ॲम्प्लिफायर, दोन बाजूंना माझ्या खांद्याएवढे स्पीकर. त्यावर काही वाजवायचं नाही. नुसतं चालू ठेवायचं. हिरवा दिवा लागलेला असला पाहिजे, दिवसरात्र. मागून दोन वायरी निघतात, एक भिंतीतल्या लाइटला, दुसरी इन्व्हर्टरच्या बॅटरीला. एक साफ करायला काढली की दुसरीवर चालतं. वायरींच्या टोकाचे प्लग, म्हणजे टॉप, त्यांच्या पिना घासायच्या, स्क्रू आवळायचे, बॅटरीत पाणी बघायचं. मला हसू आलं. गोटीरामने, माझ्या नवऱ्याने, वीस वर्षं नामपूरला लाउडस्पीकरचा धंदा केला. लग्नं, सप्ताह, ग्रामपंचायतीच्या निवडणुका. टॉप मीच बसवायचे.

आधीची बाई कुसाबाई, पेठ तालुक्याकडची, साठीच्या पुढची. उजवा हात पदराखाली धरून होती. बोलणं तोडकं. लय दिस झालं बाई, एवढंच दोनदा म्हणाली. खिडकीच्या कट्ट्यावर तिने भाकरीचा तुकडा ठेवला. मग डाव्या हाताने भिंतीतला टॉप काढून माझ्यापुढे केला आणि म्हणाली, धर. मी म्हटलं, आणा, मी धरते, माझ्या हातून बंद पडायचं नाही. जरा तोऱ्यातच म्हटलं. तेवढ्यात कावळा येऊन तुकडा घेऊन गेला. कुसाबाईने पदराखालून उजवा हात काढला, मूठ उघडली आणि तळव्याकडे बघत बसली, नुकत्याच झालेल्या नातवाकडे बघावं तशी. मग उठली आणि गेली. चपला दाराशीच राहिल्या. मी हाका मारल्या, तिने वळून पाहिलं नाही.

बुधवार, ३१ ऑगस्ट

कामाची घडी बसली. सकाळी अंघोळ झाली की पहिली वायर. आधी हाताची पाठ टॉपला लावून बघायची, कोमट आहे की गरम. गरम म्हणजे आत स्क्रू ढिला. पाठच लावायची, तळवा कधी नाही. हे गोटीरामने मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं. तळव्याने धरलं आणि आत करंट असला तर मूठ आपोआप मिटते, मग ती सुटत नाही. पाठीला लागला तर हात झटकला जातो. मग टॉप काढून पिना पॉलिश पेपरने घासायच्या, पिवळ्या होईपर्यंत. सुती फडक्याने पुसायच्या. आतली तार काळी पडली असेल तर तेवढी कापून नवी सोलायची, पीळ देऊन स्क्रूखाली बसवायची, तारेचा एकही केस बाहेर राहता कामा नये. दुसऱ्या दिवशी दुसरी वायर.

मशीन घूं असा बारीक आवाज करतं. पहिल्या दिवशी झोप लागेना, आता लागते. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली सापडली.

रविवार, ४ सप्टेंबर

मला मोठ्याने वाचायची सवय आहे. शाळा चौथीत सुटली, नंतरचं सगळं अक्षरावर बोट ठेवून, स्वतःला ऐकवत शिकले. दुपारी तशीच वाचत बसले होते. पान उलटायला थांबले तेव्हा ध्यानात आलं की घूं आवाज नाही. बघते तर हिरवा दिवा आहे. मी थांबल्यावर आवाज हळूहळू परत आला. पुन्हा वाचायला लागले, पुन्हा खाली गेला. दोनचार वेळा करून बघितलं.

व्होल्टेज असेल. पण गोटीराम गमतीने करून दाखवायचा ते आठवलं. स्पीकर उलटा जोडला की त्याचा माइक होतो. जो बोलतो तोच ऐकतो, म्हणायचा.

बुधवार, ७ सप्टेंबर

गणपती बसले. कॉलनीतल्या मंडपात आरतीला जावं म्हणून निघाले. फाटकाशी पोचले तर उजव्या हाताची बोटं आखडली. सकाळपासून स्क्रू आवळत होते, वात असेल. तेवढ्यात लाइट गेली. दुसरी वायर नीट धरते की नाही बघायला परत आले. धरली होती. पुन्हा निघाले नाही. प्रसाद शेजारच्या बाईंनी फाटकावरून दिला. म्हणाल्या, आधीच्या मावशीही कधी आल्या नाहीत हो, आम्ही त्यांना भिंतीपलीकडून दूध दिलं सहा वर्षं.

संध्याचा फोन आला होता. म्हणाली, काय माय, बंगल्यात राहून आम्हाला विसरलीस की काय. तिच्याशी बोलताना फोन बोळात असूनही बैठकीतला आवाज खाली गेलेला मला कळला.

सोमवार, १२ सप्टेंबर

आता लोडशेडिंगचं वेळापत्रक लागलं. रोज दहा ते एक लाइट नाही. बॅटरी तीन तास कशीबशी ओढते.

आज साखर संपली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले. फाटकाबाहेर दहा पावलं गेले असेन. उजव्या हाताची मूठ मिटली. मी मिटली नाही. पिशवीचा बंद आत सापडला. डाव्या हाताने एकेक बोट उघडायला गेले तर लाकडासारखी. आणखी दहा पावलं गेले, तर नखं तळव्यात रुतायला लागली आणि रक्त आलं. दुकानदार बघत होता. मी मागे फिरले. घरात आले तरी उघडली नाही. शेवटी मूठ तशीच टॉपवर टेकवली, आणि बोटं सुटली. टॉपभोवती बसली, मग सुटली.

चहा गुळाचा केला.

बुधवार, १४ सप्टेंबर

माळ्यावर डालड्याचा डबा सापडला. आत जुने टॉप, चाळीस तरी असतील, काळे, जुन्या बनावटीचे. मला वाटलं जळके असतील. एकही जळका नाही. प्रत्येकावर अंगठ्याच्या जागी खळगा पडला आहे. कुठल्या प्लॅस्टिकला बोटाने खळगा पडतो? पायरीच्या दगडाला पडतो तसा गुळगुळीत. काही खळगे मोठे आहेत, पुरुषाच्या अंगठ्याचे. बाकीचे बाईचे.

आज सकाळी पुसताना बघितलं. भिंतीतला टॉप मी दोन आठवड्यांपूर्वी नवा बसवला आहे. माझा अंगठा त्यात बसायला लागला आहे.

शनिवार, १७ सप्टेंबर

विश्वेश साहेबांना फोन लावला. सुरुवातीला आवाज मालकाचा होता. काय अडचण आहे, पुस्तकं आवडली का. मी हाताचं सांगितलं. मग तो आवाज बदलला.

त्यांनी सांगितलं ते असं. वडील गेले अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. दुपारचा एक वाजला. लोकांचे कावळे शिवून लोक जेवायलाही गेले. नातेवाइकांनी सगळं कबूल करून पाहिलं, आईला सांभाळतो, घर विकत नाही, धाकटीचं लग्न करून देतो. झाडावर कावळे बसलेले, एकही उतरत नव्हता. शेवटी साहेब स्वतः पुढे होऊन म्हणाले, बाबा, तुमचं मशीन मी धरतो, माझ्या हातून बंद पडायचं नाही. वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

त्यांनी दहा महिने धरलं. नोकरी गेली. बायको, मृण्मयीबाई, माहेरी निघून गेल्या. मग झाडलोट करायला कुसाबाई आल्या, आणि साहेबांनी एक दिवस कट्ट्यावर भात ठेवला आणि त्यांना म्हणाले, बाई, जरा हे धरता का.

मी विचारलं, हातात घेतलं म्हणून लागलं का. ते म्हणाले, हातात घ्यावंच लागतं असं नाही. मी रामकुंडावर उभा होतो, मशीन इथे घरात होतं. शब्द लागतो आणि कावळा लागतो.

मी विचारलं, मग मी कोणाला देऊ. ते रडत होते की सर्दी होती कळलं नाही. म्हणाले, बाई, तुमची मुलगी यायची होती ना.

मी फोन ठेवला. बैठकीतला आवाज बंद होता. ऐकत होता.

मंगळवार, २० सप्टेंबर

पितृपक्ष लागला. गोटीरामचं लिहायचं मनात नव्हतं, पण आज लिहिते.

तो गेला ते लग्न कळवणला होतं, चार वर्षांपूर्वी. मी बोर्डाशी बसले होते, मांडीवर जुनं मासिक. तो माइकचा खांब सरकवायला गेला, ओल्या मांडवात, उघड्या पायांनी. खांबात करंट उतरला होता. त्याने तळव्याने धरला. मला शिकवणाऱ्याने. मी मान वर केली तर तो माझ्याकडे बघत होता. ओठ हलत होते. बंद कर, म्हणत होता. मंगलाष्टकं चालली होती. मंगलाष्टकं चालू असताना बंद करायचं नाही, काही झालं तरी नाही, हा त्याचाच नियम, त्यावरून मी त्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. म्हणून मी शेवटच्या ओळीपर्यंत थांबले. एक ओळ. मग खटका ओढला.

त्याच्या दहाव्याला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. भाऊ घरी येऊन म्हणाला, सगळं बोलून पाहिलं गं, काय राहिलं होतं त्याचं कोणास ठाऊक. मला ठाऊक होतं. मी बोलले नाही.

गुरुवार, २२ सप्टेंबर

दत्तू वायरमन मीटर बघायला आला. हसरा माणूस. मशीन बघून म्हणाला, मावशी, एवढ्या मोठ्या डबड्यात नुसती माशी घोंगावते, एखादं गाणं तरी लावा. मी कट्ट्यावर भाकरी ठेवली होती. सकाळीच ठेवली होती, तो यायचा आहे म्हणून. टॉप काढून हातात तयार होता. वाक्य जिभेवर होतं, दत्तूभाऊ, जरा हे धरता का.

तो चहा पिता पिता म्हणाला, बायकोला आठवा लागला आहे, पहिलाच आहे, म्हणून आजकाल दुपारी घरी पळतो. मी कट्ट्यावरची भाकरी उचलली. तो गेल्यावर ती मीच खाल्ली.

कुसाबाईवर राग होता, तो आज गेला. सहा वर्षं तिलाही असे कितीतरी दत्तू दिसले असतील.

शनिवार, २४ सप्टेंबर

आज बंद केलं.

अकरा वाजता, लाइट नसताना. मेन स्विच पाडला, म्हणजे लाइट आली तरी यायला नको. मग बॅटरीची वायर डाव्या हाताने ओढून काढली. हिरवा दिवा गेला. कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. चार आठवड्यांत पहिल्यांदा मला बाहेरचं काही ऐकू येत होतं.

पण घूं चालूच होता. स्पीकरच्या कापडावर हात ठेवला. कापड गार, हलत नव्हतं. दुसऱ्यावर ठेवला. तोही नाही. मग गळ्यावर ठेवला.

माझ्या गळ्यातून येत होता. तोंड मिटलं तरी नाकातून येत होता. मी श्वास घेतला नाही, तरी छाती भरली. मधेच थांबून तो खाकरला. म्हाताऱ्या पुरुषासारखं खाकरला, माझ्या घशात.

वायर परत लावली, मेन स्विच वर केला. स्क्रूसुद्धा आवळले.

सोमवार, २६ सप्टेंबर

घसा बसला आहे. वाचवत नाही. वाचायचं नाहीच. बोलायचंही नाही. बोललं की ते ऐकतं.

उजवी मूठ आता तास तास मिटलेली असते. टॉपला धरली की सुटते, सोडून आले की मिटते. भाकरी थापता येत नाही. पोहे भिजवून खाल्ले.

मंगळवार, २७ सप्टेंबर

मी फोन केला.

संध्याला केला. मी केला. कोणी करवला नाही, मी माझ्या डाव्या हाताने नंबर फिरवला. हात दुखतो म्हटलं. एकटीला जमत नाही म्हटलं. ये म्हटलं. ती म्हणाली, माय, आवाज कसा झाला आहे तुझा, रडू नको, सोमवारी अमावास्येची सुट्टी आहे, शनिवारपर्यंत पाठाचं शिबिर आहे ते आटपून सोमवारी दुपारपर्यंत येते.

ती बोलत होती तेव्हा मला किती हलकं वाटलं. ते लिहून ठेवते. मला हलकं वाटलं.

फोन ठेवल्यावर कळलं मी काय केलं.

बुधवार, २८ सप्टेंबर

हे डाव्या हाताने. अक्षर लागणार नाही.

सकाळी उजवा हात टॉपवर ठेवला तो निघाला नाही. सुटतच नाही. टॉप भिंतीतून काढला तर हातात टॉप घेऊन फिरता येतं, वायर पुरते तिथवर. मोरीपर्यंत पुरते. माठापर्यंत पुरते. फोनपर्यंत पुरत नाही. चार हात कमी पडते.

तेवढा वेळ बॅटरीवर. लगेच परत यावं लागतं. दाव्याच्या शेळीसारखी.

टॉपपासून वायर सोडवायची म्हटलं तर एका हाताने स्क्रू निघत नाही.

गुरुवार, २९

काठीने फोनचा रिसीव्हर पाडला. नंबर फिरवता येईना. काठीचं टोक भोकात जात नाही.

रिसीव्हर तसाच लोंबकळतो आहे. आता बाहेरून फोन आला तरी लागणार नाही. हेही मीच केलं.

शेजारच्या बाई गावाला गेल्या. कुलूप दिसतं खिडकीतून. हाक मारली तर घशातून घूं आला—

शुक्रवार

संध्याला लिहिलेली चिठ्ठी कोणाकडे द्यायची? गल्लीत कोणी येत नाही. शेवटचं घर.

कागदाचे बोळे करून खिडकीतून टाकले. तिच्या हॉस्टेलचा पत्ता लिहून. सगळे पेरूखाली पडले आहेत.

शनिवार

आज तिचं नाव मनात घेतलं. नुसतं मनात. आवाज खाली गेला.

रविवार, २ ऑक्टोबर

ठरलं.

उद्या ती यायच्या आधी दोन्ही वायरी काढीन. घशात येऊ दे. छातीत राहू दे. माझ्यात राहिलं तर तिला कोणी धर म्हणणार नाही. दार आतून लावलेलं आहे. ती येईल, दार वाजवेल, परत जाईल. पोलीस आणेल. तोवर मी बोलणारी राहणार नाही—

फक्त एक. उद्या सर्वपित्री. गोटीरामला एकदा विचारायचं आहे. त्या दिवशी एक ओळ थांबले. या वेळी थांबणार नाही, म्हणेन. तो शिवला की काढीन. चार वर्षं शिवला नाही. एकदा शिवू दे. मग मला भीती नाही.

सोमवार, ३ ऑक्टोबर

सात वाजता कट्ट्यावर केळीचं पान नाही म्हणून वहीचा कागद. त्यावर गूळ, पोहे, दोन शेंगदाणे. मनात म्हटलं, तुझं राहिलं ते आज करते. बंद करते.

कावळा पेरूवर आहे. बघतो आहे. उतरत नाही.

आठ. उतरत नाही.

साडेआठ. ती दुपारी येईल. वेळ आहे. गोटीराम, ये ना रे—

फाटक वाजलं.

संध्या आहे. आत्ताच. कोणाच्या तरी जीपने आली असेल. खांद्याला पिशवी. खिडकीतून मला बघते आहे, भिंतीत हात घातलेली. हसली. मग हसू गेलं तिचं.

मी मान हलवते आहे. ओठांवर वही धरली. बोलू नको.

ती म्हणाली. फाटकातूनच म्हणाली. तेच. आण माय, मी धरते.

पण कावळा झाडावरच आहे. मी बघितलं, झाडावर आहे. नुसत्या शब्दाने लागत नाही. वेळ आहे अजून. हे तिच्यासाठी लिहिते, गजातून दाखवते—

संध्या, हे वाच आणि काही बोलू नकोस. आत येऊ नकोस. मागे फीर आणि नामपूरला मामाकडे जा. माझ्यावर रागावलीस तरी चालेल. तू वळलीस की मी दोन्ही वायरी काढणार आहे, मला काही होणार नाही. तुझ्या बापाने मला बंद कर म्हटलं तेव्हा मी थांबले होते, आज थांबणार नाही. माझ्या हातातून काही घ्यायचं नाही, आजपासून कधीच नाही. समजलं का बाळ. तुझे हात मोकळे राहू देत, तू तुझ्या शाळेत जा, मुलांना शिकव,

किती सरळ येतं आहे अक्षर. ओळीवर, पहिल्या पानावर होतं तसं.

कट्ट्यावरचा कागद रिकामा आहे. आणि पेन माझ्या उजव्या